चहा, मशेरी आणि अंगावरचं दूध: बाळंतिणीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी

चहा दुधात उतरतो. म्हणजे चहातलं कॅफीन उतरतं. मशेरीतलं निकोटीनही उतरतं, आणि ते कॅफीनपेक्षा कितीतरी जास्त. एवढं ऐकलं की वॉर्डातल्या बायका दोन टोकांना जातात. काहीजणी चहा एकदम तोडतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. काहीजणी त्याहून वाईट करतात. दूध पिळून मोरीत ओततात आणि बाळाला डब्याचं दूध लावतात. मी सातारा जिल्ह्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. या दोन्हीची गरज नाही, हे प्रत्येक खाटेपाशी उभं राहून नीट सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. सासूबाईंनी, आईने आणि आशाताईंनीही वाचावं. बाळंतिणीने काय खायचं-प्यायचं हे आपल्याकडे ती एकटी ठरवत नाही.

शरीर हे पदार्थ बाहेर कसे टाकतं

कॅफीन आणि निकोटीन दोन्ही उत्तेजक. मेंदू जागा ठेवतात, हृदयाची गती वाढवतात. पोटातून किंवा हिरडीतून ते रक्तात शिरले की रक्त जाईल तिथे जातात: लाळेच्या ग्रंथींत, घामाच्या ग्रंथींत, स्तनांत, केसांच्या मुळांत, पोटातल्या बाळाकडे नाळेतूनही. यातल्या कुठल्याही वाटेने शरीर त्यांची विल्हेवाट लावत नाही. ते काम यकृताचं. यकृत त्यांचे तुकडे करतं आणि मूत्रपिंड ते तुकडे लघवीतून टाकतं. मोठ्या माणसाने प्यायलेल्या कॅफीनपैकी जेमतेम १ ते ३ टक्के जसंच्या तसं लघवीत सापडतं, बाकीचं सगळं यकृतात मोडलेलं असतं. म्हणून तांब्याभर पाणी प्यायल्याने कॅफीन 'धुऊन' निघत नाही. बाळंतिणीने पाणी प्यावंच, पण तहान लागते म्हणून.

घामाचंही तेच. शेक-शेगडी घेतली, धुरी घेतली, अंगातून घाम काढला की मशेरीचं विष निघून जातं, असं आमच्या भागात मोठ्या बायका मनापासून मानतात. निकोटीन घामात सापडतं हे खरं आहे. पण इतकं थोडं की त्याने रक्तातली पातळी हलत नाही. उन्हाळ्यात कोंडलेल्या खोलीत शेगडी पेटवून बाळंतिणीला आणि बाळाला धुरात बसवण्याचा तोटा मात्र खरा आहे. ते कृपा करून करू नका.

लाळेची गोष्ट तर आणखी वेगळी. कॅफीन लाळेत जवळजवळ रक्ताइतकंच उतरतं, म्हणून प्रयोगशाळेत सुई न टोचता नुसत्या लाळेवरून त्याची पातळी मोजता येते. पण लाळ आपण दिवसभर गिळत असतो. लाळेतून बाहेर पडलेलं पोटात जातं आणि पुन्हा रक्तात येतं. तो बाहेर जाण्याचा रस्ताच नाही, गोल फेरा आहे.

आता दूध. दूध म्हणजे शरीराने घाण टाकण्याची वाट, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. दूध तयार करणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. कॅफीन आणि निकोटीनचे रेणू लहान असतात, ते या पडद्यातून दोन्ही दिशांनी जातात. रक्तात वाढले की दुधात येतात, रक्तात कमी झाले की दुधातून परत रक्तात जातात. कालव्याला पाणी आलं की काठची विहीर भरते, कालवा आटला की तीही उतरते, तसं.

यातून सगळ्यात उपयोगाची गोष्ट निघते: दूध पिळून फेकल्याने काहीही लवकर साफ होत नाही. रक्तात असेपर्यंत नव्या दुधातही ते येणार. रक्तातून गेलं की स्तनात साठलेल्या दुधातूनही ते आपोआप उतरणार. करायच्या गोष्टी दोनच: कमी घ्यायचं आणि वेळ जाऊ द्यायचा. छाती दगडासारखी भरून दुखत असेल तर पिळा जरूर. 'विष काढायला' म्हणून पिळू नका.

चहा: आधी कप मोजा

'मी दोनच कप पिते' असं सगळ्या सांगतात. कप केवढा ते कुणी सांगत नाही. खोकल्याच्या बाटलीवर येणारं मापाचं झाकण घ्या, किंवा खुणा असलेली औषधाची रिकामी बाटली धुऊन घ्या, आणि तुमच्या नेहमीच्या कपात किती मिली मावतं ते एकदाच मोजा. काही घरांत बशीचा छोटा कप असतो, काही घरांत पाण्याच्या पेल्यातून चहा देतात. दोन्हीला 'एक चहा' म्हटलं तर हिशेबच लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिलेले आकडे धरा. एका वेळच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, १५० मिली इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि फिल्टरच्या किंवा उकळलेल्या कॉफीत ८० ते १२०. आपला चहा पत्ती घालून खळखळ उकळलेला असतो, त्यामुळे मी नेहमी वरचा आकडा धरते. १५० मिलीला ६५ धरले, तर १०० मिलीचे चार कप झाले की पावणेदोनशेच्या आसपास जातो.

किती चालेल? त्याच मार्गदर्शिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये पाजणाऱ्या आईसाठी २०० सांगितली. माझा ठोकताळा असा: पहिले तीन महिने २०० च्या आत राहा, पुढे बाळ छान झोपत असेल तर ३०० पर्यंत हरकत नाही. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, काचेच्या पेटीत असेल, तर स्वतः ठरवू नका, तिथल्या डॉक्टरांना विचारा.

मोजताना बाकीची कॅफीनं विसरू नका. कोलाच्या मोठ्या बाटल्या बाळाच्या मामाबरोबर वॉर्डात येतातच. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर पाजणाऱ्या आईने पिऊ नये असं छापलेलंच असतं, कायद्यानेच छापावं लागतं, आणि एका लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन त्यात घालायला परवानगी आहे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. चहा सोडून डोकं दुखलं म्हणून अशी गोळी घेतली, तर कॅफीन मागच्या दाराने परत आलं. पाकिटावरचं वाचून घ्या, किंवा मेडिकलवाल्याला विचारा: यात कॅफीन आहे का?

बाळाचं वय हाच खरा आकडा

मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांत जातं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा वेळ १५ तासांपर्यंतही जातो, म्हणून नऊ महिने भरलेल्या बाईला दुपारच्या चहाने रात्री झोप लागत नाही. बाळंतपणानंतर तो पुन्हा पूर्ववत होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो परत जवळपास दुप्पट होतो.

पण नवजात बाळाला निम्मं कॅफीन घालवायला जवळजवळ चार दिवस लागतात. चार तास नाही, चार दिवस. कॅफीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम त्याच्याकडे अजून तयारच झालेलं नसतं. मोठं माणूस जे यकृतात मोडतं, ते नवं बाळ जवळजवळ जसंच्या तसं लघवीतून थोडं थोडं टाकत बसतं. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाला हेच काम साधारण १४ तासांत जमतं, आणि सहा महिने ओलांडले की अडीच-तीन तासांत, म्हणजे आईपेक्षाही लवकर.

म्हणून सातव्या महिन्यातल्या बाळाच्या आईने चहाची चिंता करणं आणि सातव्या दिवसाच्या बाळाच्या आईने न करणं, दोन्ही उलटं आहे. दुधातून रोज जाणारा वाटा छोटाच असतो, आईने वजनाच्या मानाने घेतलेल्या कॅफीनच्या साधारण ७ ते १० टक्के. पण पहिल्या आठवड्यांत कालचं, परवाचं, त्याच्या आदल्या दिवशीचं सगळं बाळाच्या अंगात शिल्लक असतं आणि आजचं त्यावर चढतं.

घाबरूनही जाऊ नका. आईने दिवसाला २०० मिलिग्रॅम घेतलं आणि तिचं वजन ५० किलो असेल, तर बाळाला किलोमागे ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम जातं. वेळेआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात तेव्हा आम्ही त्यांना कॅफीनच देतो, औषध म्हणून. तो डोस यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि रोज दिला जातो. म्हणून काचेतल्या बाळाच्या आईने चहाबद्दल डॉक्टरांना सांगायचंच, बाळाला तेच औषध चालू असू शकतं.

चीक येण्याच्या पहिल्या काही दिवसांत स्तनातल्या पेशींमधल्या फटी अजून पूर्ण मिटलेल्या नसतात, त्यामुळे रक्तातले पदार्थ थोडे सहज जातात. पण चीक असतोच किती, दिवसाला काही चमचे. या कारणाने चीक पाजायचं टाळलेलं मी ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. चीक पाजाच.

चहाची वेळ

चहा प्यायल्यावर साधारण तासाभराने दुधातलं कॅफीन सगळ्यात जास्त असतं. तेव्हा बाळाला पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढून, झोपवून, मग चहा प्या. बाळ दोन-अडीच तासांनी उठेल तोवर वरचा टप्पा ओलांडलेला असतो. यामुळे फार मोठा फरक पडेल असं मी म्हणत नाही, कॅफीन सावकाश उतरतं. पण यात काही खर्च नाही, आणि गरम चहा एका जागी बसून पिता येतो. बाळ मांडीवर घेऊन उकळता चहा पिणं मला अजिबात पसंत नाही. भाजलेली बाळं दवाखान्यात येतात.

रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर निदान एक तास चहा नको. दुधात कॅफीन किती जातं यापेक्षा आमच्याकडच्या बाळंतिणींचं हिमोग्लोबिन मला जास्त सतावतं.

कमी करायचं असेल तर एकदम तोडू नका. सवयीच्या माणसाचा चहा सुटला की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी कळस होतो, आणि हे आठवडाभरही चालतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, किंवा कप तेवढेच ठेवून पत्ती निम्मी करा. आपल्याकडे सोय सुंदर आहे: परसात गवती चहा असतो, घरात आलं असतं, थोडा गूळ असतो. पत्ती न घालता गवती चहा आणि आलं उकळा. त्यात कॅफीन नाही. दुपारचा एक चहा असा केला तर घरात कुणाशी वाद घालावा लागत नाही, कारण कपातून वाफ येतेच आहे.

मशेरी: इथे मला जास्त बोलायचं आहे

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून केलेली पूड. दात घासायला म्हणून सुरू होते. मग सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, कामावरून आल्यावर एकदा. सिगरेट ओढणाऱ्या बाईकडे गाव बघतं, मशेरी लावणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. म्हणून दवाखान्यात 'तंबाखू खाता का?' विचारलं की बायका खरेपणाने 'नाही' म्हणतात. मी 'मशेरी लावता का?' असंच विचारते. आशाताई, तुम्हीही असंच विचारा.

निकोटीन दुधात रक्तापेक्षा जास्त का जमतं, तेही सांगते. निकोटीन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. रक्त किंचित अल्कधर्मी असतं, दूध त्या मानाने थोडं आम्लाकडे झुकलेलं. निकोटीन पडद्यातून दुधात शिरतं, तिथे त्यावर विद्युतभार चढतो, आणि भार चढलेला रेणू त्या पडद्यातून सहज परत जाऊ शकत नाही. म्हणून दुधातली पातळी रक्ताच्या जवळजवळ तिप्पट सापडते. कॅफीनचं असं होत नाही, ते दुधात रक्तापेक्षा थोडं कमीच राहतं. तंबाखूला चुना लावतात त्यामागे हेच रसायनशास्त्र उलट्या बाजूने काम करतं: चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं, निकोटीनवरचा भार उतरतो, आणि ते गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं.

थुंकून टाकली की झालं, असंही होत नाही. निकोटीन हिरडीतून तेव्हाच रक्तात गेलेलं असतं. लिंबूपाणी पिऊन ते लघवीतून लवकर निघेल असं एका आजींनी मला सांगितलं. आम्ल लघवीत निकोटीन थोडं जास्त निघतं हे बरोबर आहे, पण लिंबू पोटात गेल्यावर शेवटी लघवी उलट अल्कधर्मी होते, आणि तसंही मुख्य काम यकृतच करत असतं. लिंबूपाणी प्या, चांगलंच आहे. मशेरीवरचा उतारा म्हणून नको.

आईच्या रक्तातलं निम्मं निकोटीन साधारण दोन तासांत जातं. नवजात बाळाला त्यासाठी ११ तासांच्या आसपास लागतात. यकृत निकोटीनचं कोटिनीन करतं, त्यातलं निम्मं जायला आईच्या अंगातही साधारण १६ तास लागतात, म्हणून तपासणीत बहुतेक वेळा कोटिनीनच मोजतात. बाळाच्या केसांत आणि पहिल्या काळ्या चिकट शीत तर गरोदरपणातल्या तंबाखूची नोंद राहते, कारण पोटात असतानाच ते तिथे साचत गेलेलं असतं.

बाळावर काय होतं? झोप कमी होते, किरकिर वाढते. आईवर काय होतं? निकोटीन प्रोलॅक्टिन कमी करतं, आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक आहे. 'दूध येत नाही' म्हणून हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा सगळं चालू आहे आणि बाथरूमच्या खिडकीत मशेरीची डबी आहे, असं घर मला नेहमी दिसतं. आधी ती डबी काढा. मग खीर लागेल अंगाला.

गरोदरपणात तर नकोच. मुंबईतल्या गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि वेळेआधी जन्माचं प्रमाणही वाढलेलं होतं.

तरीही मशेरी सुटत नाही म्हणून अंगावरचं पाजणं थांबवू नका. डब्याच्या दुधाने, आमच्या भागातल्या पाण्याने आणि न उकळलेल्या बाटलीने होणारा जुलाब त्या निकोटीनपेक्षा बाळाला लवकर धोक्यात घालतो. पाजत राहा आणि सोडण्याचा प्रयत्न चालू ठेवा. सुटेपर्यंत एवढं पाळा: पाजायच्या आधी कधीही लावायची नाही, पाजून झाल्यावरच, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत जास्तीत जास्त वेळ मिळतो. लावल्यावर चूळ भरा, हात आणि बोटं साबणाने धुवा. त्याच बोटाने बाळाच्या तोंडातलं काही काढायचं नाही, हिरड्या चोळायच्या नाहीत. दात येताना बाळाच्या हिरडीला मशेरी लावायची तर मुळीच नाही, तान्ह्याला थोडंसं निकोटीनही विषबाधा करू शकतं. हे आजीलाही लागू आहे. आणि डबी उंचावर, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला न लागेल अशी.

सोडताना बायका दोन गोष्टींवर अडतात. पहिली, 'मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.' निकोटीन आतडी हलवतं, तेव्हा हे खोटं नाही, पण तात्पुरतं आहे. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेले काळे मनुके, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, आणि रोज एकाच वेळी जाऊन बसायचं. दुसरी, 'दात ठणकतात.' दुखणारा दात मशेरीने बधिर होतो आणि आत किडत राहतो. तो दंतवैद्याला दाखवा, पाजत असतानाही दात काढता येतो. घासायला साधी पेस्ट वापरा. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, तेव्हा 'दात घासायची मशेरी' हे औषध नाही, तंबाखूच आहे.

पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो: चिडचिड, झोप नाही, रडू येतं. बाळंतिणीला तसंही रडू येत असतं, त्यामुळे घरच्यांनी हा आठवडा तिला बोल लावू नये आणि रात्री एकदा तरी बाळ सांभाळावं. घरात मशेरी लावणारी दुसरी बाई असेल तर दोघींनी एकत्र सोडा. एक लावते आणि दुसरी बघते, यात कुणाची सुटलेली मी पाहिलेली नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. निकोटीनचं च्युइंगम वगैरे स्वतःच्या मनाने घेऊ नका, पाजत असल्याचं डॉक्टरांना सांगून विचारा.

नवरा बिडी ओढत असेल तर त्याचं निकोटीन बाळाला हवेतून, त्याच्या शर्टावरून, गोधडीवरून मिळतं. त्याने घराबाहेर ओढावी, शर्ट बदलावा, हात धुवावेत, आणि ओढणारा कुणीही बाळाजवळ झोपू नये.

सुपारी आणि सर्दीच्या गोळ्या

जेवणानंतर विडा देण्याची पद्धत आहे. पान, ओवा, बाळंतशेपा इथपर्यंत ठीक. सुपारी काढून टाका. तिच्यात अरेकोलिन नावाचं उत्तेजक असतं, ते नाळेतून जातं आणि बाळाच्या पहिल्या शीत सापडलेलं आहे. शिवाय सुपारी एकटीही, तंबाखूशिवाय, कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलेलं आहे.

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. नाक मोकळं करणारं हे औषध उत्तेजकांच्याच कुळातलं. ते दुधात उतरतंच, पण मोठा त्रास वेगळा आहे: एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर आयांचं दिवसभराचं दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. दूध आधीच कमी असेल तर मेडिकलमधून सर्दीची गोळी आणताना 'मी अंगावर पाजते' हे वाक्य आधी बोला. सर्दीला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

बाळाला जास्त झालंय हे कसं ओळखायचं

जास्त कॅफीन किंवा निकोटीन मिळणारं बाळ टक्क जागं राहतं, डोळे मोठे, हातपाय थरथरतात, पाजताना सारखं सोडतं, पाजून झाल्यावरही शांत होत नाही. पण बाळं याशिवायही शंभर कारणांनी रडतात. म्हणून तपासा. तीन दिवस कागदावर लिहा: मी चहा, कॉफी, मशेरी केव्हा आणि किती घेतली, बाळ केव्हा झोपलं. मग निम्मं करा आणि लिहीत राहा. बाळ महिन्याच्या आतलं असेल तर कॅफीनचा फरक दोन दिवसांत दिसणार नाही, साठलेलं निघायला दोन आठवडे लागू शकतात. आठवड्याने कंटाळून 'काही उपयोग नाही' म्हणू नका. बाळ चार-पाच महिन्यांचं असेल तर दोन-तीन दिवसांत कळतं.

हातपाय थरथरताना दिसले की ते हळूच धरून दुमडा. धरल्यावर थांबलं तर ती साधी थरथर. धरूनही झटके चालूच राहिले, डोळे एका बाजूला खेचले गेले, ओठ काळेनिळे पडले, तर ती फीट आहे. ताबडतोब दवाखाना. बाळ पाजायला उठतच नाही, अंग गरम किंवा गार लागतं, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो, छाती आत ओढली जाते, मध्येच श्वास थांबतो, यातलं काहीही दिसलं तर चहाचा हिशेब करत बसू नका. ही कॅफीनची लक्षणं समजून वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात जाताना तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, रिकामी असली तरी. मशेरी लावत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, सासूबाई समोर असतील आणि संकोच वाटत असेल तर सिस्टरांना बाजूला बोलावून सांगा. ते केसपेपरवर लिहिलं गेलं की बाळाला कुठलं औषध द्यायचं आणि किती, हे डॉक्टरांना नीट ठरवता येतं.